काचघराच्या दारावरचं कडं

तू करतेस काय, असं धाकटीला कोणी विचारलं तर ती म्हणायची, "तार गुंडाळते."

ते अगदी खरं होतं. मोटर दुरुस्तीच्या दुकानात ती जळालेल्या मोटरींमधली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळायची. पाण्याचे पंप, पंखे, पिठाच्या गिरणीची मोटर, एकदा तर दवाखान्याची लिफ्ट तिच्या गुंडाळीवर पुन्हा चालू झाली होती. ताण कमी पडला तर गुंडाळी खोबणीत बसत नाही आणि जास्त झाला तर तारेवरचा मुलामा निघून मोटर परत जळते. हा ताण मोजायचं यंत्र दुकानात होतं, पण त्यावर धूळ साचली होती. धाकटीची बोटं होती ना! मालक तिला 'कॉइलबाई' म्हणायचे आणि नवीन गिऱ्हाइकाला मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "आमच्या कॉइलबाईंच्या हातची मोटर परत येत नाही. आली तर समजा तुम्हीच बिघडवली."

डिसेंबर लागला की ती संध्याकाळी घरी येऊन पुन्हा तारच गुंडाळायची. तेव्हा हातात मोटरीऐवजी लोखंडी सळीची गोल रिंग असायची, तांब्याऐवजी बारीक हिरवी तार आणि तारेखाली ताज्या, कापलेल्या टोकांना अजून चीक सुटणाऱ्या सदाहरित फांद्या. त्यांचं नाताळासाठी दारावर लावायचं हिरवंगार, जाड कडं व्हायचं. गल्लीतल्या बहुतेक दारांवर याच घरची कडी लागायची. सगळ्यात मोठं कडं मात्र गावातल्या सार्वजनिक बागेत, काचघराच्या दारावर जायचं.

हा उद्योग मुळात बाबांचा. बाबा त्याच बागेत झाडं छाटायला होते. निवृत्त झाले तरी छाटणीचा हंगाम आला की बागेतले लोक फांद्यांचे भारे घरी पोचते करायचे, आणि बाबा मागच्या खोलीत त्यांचा दरबार भरवायचे. त्या खोलीत शेगडी लावायला बंदी होती. ऊब लागली की पानं झडतात, म्हणून खिडक्या सताड उघड्या, फांद्यांची टोकं पाण्याच्या बादल्यांत बुडवलेली आणि माणसं स्वेटरवर स्वेटर घालून बसलेली. झाडांची खरी नावं बाबांना तोंडपाठ होती, पण घरात त्यांनी आपलीच नावं रूढ केली होती. फरची फांदी म्हणजे 'मवाळ', कारण तिची पानं बोथट, हात फिरवला तर मांजराच्या पाठीसारखी. स्प्रूसची फांदी म्हणजे 'टोची', का ते हात लावला की कळायचं. आणि सायप्रसची लोंबती, तारेत कधी सरळ न राहणारी डहाळी म्हणजे 'झिपरी'. लहानपणी बाबा मुलांचे डोळे रुमालाने बांधायचे, हातात फांदी द्यायचे आणि विचारायचे, "ओळख!" दादा दर वेळी चुकायचा. धाकटी कधीच चुकली नाही.

कडं हे दोघांचं काम. एकाने द्यायचं आणि एकाने बांधायचं. बांधणाऱ्याचा उजवा हात तारेवर असतो, तो एकदा ताणलेली तार सोडत नाही. सोडली की ताण गेला. डावा हात मात्र फांद्यांची जुडी घ्यायला मोकळा असतो. देणाऱ्याने न विचारता पुढची जुडी त्या हातात ठेवायची. पायाला मवाळ, बाहेरच्या कडेला टोची, आतल्या बाजूला थोडी झिपरी. आई होती तोवर खिडकीजवळच्या स्टुलावर बसून आई बांधायची. आई गेल्यावर पुढच्या डिसेंबरात बाबा बादल्यांसमोर नुसतेच बसून होते. धाकटी शाळेतून आली, दप्तर टाकलं, स्टुलावर जाऊन बसली आणि डावा हात पुढे केला. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग हातात मवाळची जुडी पडली.

तेव्हापासून ते स्टूल तिचं. दुकानात नोकरी लागली, मैत्रिणींची लग्नं झाली, तिचं एक ठरता ठरता मोडलं, पण डिसेंबरात मान वर न करता हात पुढे करावा आणि हवी तीच जुडी हातात यावी, हे सुख कधी चुकलं नाही. ती दोघं तास न् तास एक शब्द न बोलता बसायची. टोची रुतली की तेवढे बाबा गरजायचे. त्या झाडाच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा आणि शेजारीण भिंतीपलीकडून ओरडायची, "नाताळ आला वाटतं!"

या वर्षी पहिले भारे आले त्या दिवशी धाकटी दुकानातून जवळजवळ पळतच आली. हात धुतले, स्वेटर चढवला, मागच्या खोलीत शिरली. स्टुलावर वहिनी बसली होती.

वहिनी म्हणजे दादाची बायको. गेल्या उन्हाळ्यात लग्न होऊन घरात आलेली. टपाल कचेरीत पत्रं आणि पार्सलं निवडायच्या खात्यात कामाला. वयाने धाकटीपेक्षा लहान, पण नात्याने मोठी, आणि हे गणितच धाकटीला पहिल्यापासून जड गेलेलं.

"आलीस?" बाबा म्हणाले. "या वर्षी सूनबाईला शिकवतो म्हटलं. नवीन आहे ती."

"शिकवा की," धाकटी म्हणाली. "मी कुठे बसू?"

"तुला काय शिकवायचं आता? तू बस तिकडे कपाटापाशी. तुझं तू एकटीने करशील."

वहिनी अर्धवट उठली. "ताई, तुम्ही बसा ना इथे. मी तिकडे..."

"नको, नको. बसा तुम्ही," धाकटी म्हणाली. बाबा सोडले तर घरात सगळ्यांना अरे-तुरे करणारी ही मुलगी वहिनीला मात्र कटाक्षाने 'तुम्ही' म्हणायची. त्यात आदर किती आणि दार लावून घेणं किती, हे वहिनीलाही ठाऊक होतं.

कपाटापाशी एकटीने कडं करायचं म्हणजे प्रत्येक जुडीसाठी तार रिंगेला अडकवून सोडायची, बादलीकडे वळायचं, फांदी निवडायची, परत तार ताणायची. दोन बोटांचं काम आणि कंबरेचा व्यायाम. पण धाकटीची कंबर दुखत नव्हती, पोटात दुखत होतं. तिथून स्टूल स्पष्ट दिसायचं. वहिनीने काम सुरू करायच्या आधीच फांद्या निवडून तीन बादल्यांत लावून ठेवल्या होत्या, डावीकडे मवाळ, मध्ये टोची, उजवीकडे झिपरी, जणू काही टपालाचे खण. आणि बांधताना ती तार चक्क पकडीने ओढायची! पकडीने! तार ही बोटाने ऐकायची गोष्ट, तिच्या कानात पकड घातल्यावर ती काय बोलणार? धाकटीला वाटलं, आता बाबा ओरडतील. बाबा म्हणाले, "वा! डोकं आहे सूनबाईला."

हे वाक्य धाकटीच्या ताटात, अंथरुणात, दुकानात, सगळीकडे बरोबर आलं. वहिनी हसली की तिला वाटायचं, आपल्यावर हसली. हसली नाही की वाटायचं, काय हा माज! बाबा वहिनीशी काम करताना बोलायचे. चक्क गप्पा मारायचे! इतकी वर्षं ज्या शांततेला ती प्रेम समजत आली, ती बाबांकडे बोलण्यासारखं काही नसल्यामुळे होती की काय?

एकदा न राहवून ती म्हणाली, "बाबा, मला एक जुडी द्या ना इकडे. टोची."

बाबांनी बादल्यांकडे पाहिलं, मग वहिनीकडे. वहिनीने मधल्या बादलीला पायाने हलकेच पुढे सरकवलं. बाबांनी त्यातली जुडी उचलून दिली.

'आता माझ्यासाठी फांदी द्यायलासुद्धा हिची परवानगी लागते,' धाकटीच्या मनात आलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

कोणाचं कडं काचघरावर जायचं, हे बाबा नाताळाआधीच्या रविवारी ठरवायचे. ठरवायचं म्हणजे काय, तर धाकटीच्या मोठ्या कड्याकडे बोट करायचं. पण या वर्षी बाबांनी मोठ्या रिंगा दोन आणल्या. एक तिला दिली, एक वहिनीला. "बघू या," म्हणाले.

रिंगा मिळाल्या त्या दिवशी धाकटीने जे केलं ते तिच्या वयाला शोभणारं नव्हतं. भाऱ्यांबरोबर शोभेसाठी हॉलीच्या काही डहाळ्या आल्या होत्या, लाल फळांच्या, चकचकीत पानांच्या, आणि पानाच्या प्रत्येक टोकाला सुईसारखा काटा असलेल्या. त्यांना चिमट्याने उचलायचं, असा घरातला नियम. वहिनी आणि बाबा चहा प्यायला स्वयंपाकघरात गेले तेव्हा धाकटीने दोन डहाळ्या चिमट्याने उचलल्या आणि डावीकडच्या बादलीत, मवाळच्या जुड्यांमध्ये नीट खुपसून ठेवल्या. हिशोब सोपा होता. देताना बाबा हात घालतील, हाताला काटा लागताच त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू होईल, आणि बादल्या लावल्या कोणी? सूनबाईंनी. होऊ दे एकदा तिच्या डोक्याचं कौतुक!

दोघं परत आली. बाबा बसले, वहिनीने रिंग मांडीवर घेतली, पकडीत तार धरली. धाकटी आपल्या कड्यात मान घालून बसली. कान मात्र तिकडे.

एक जुडी गेली. दुसरी गेली. मग बाबांनी डावीकडच्या बादलीत हात घातला आणि मूठ वळली. धाकटीला पानांचा कोरडा आवाजसुद्धा ऐकू आला.

काहीच नाही. बाबा रेडिओवर ऐकलेली कसलीशी बातमी सांगत होते, ती त्यांनी सांगणं चालूच ठेवलं. सांगता सांगता मूठ बाहेर काढली आणि जुडी वहिनीच्या हातात ठेवली. हॉलीचे काटे त्यांच्या बोटांत रुतलेले होते. करंगळीवरून रक्ताची एक रेघ मनगटापर्यंत उतरली, आणि बाबा बातमी सांगत होते.

वहिनीच्या तळहातात काटे गेले. तिचे डोळे भरून आले हे धाकटीला कपाटापासून दिसलं. पण तोंडातून आवाज काढला नाही. तिने हॉली तशीच मवाळमध्ये बसवली, वरून तार ओढली आणि म्हणाली, "छान केलंत, बाबा. इथे लाल हवंच होतं." मग खिशातून रुमाल काढला. "हात द्या इकडे. चीक लागलाय."

"चीक ना? या वर्षी जरा जास्तच आहे," बाबा म्हणाले आणि हात पुढे केला.

टोची रुतली की भिंत हलवणारा हा माणूस. धाकटीच्या हातातली तार सुटली. अख्खं मोठं कडं सैल झालं आणि फांद्या तिच्या मांडीवर पसरल्या, तरी तिला ते कळलं नाही.

तिने वहिनीला स्वयंपाकघरात गाठलं. वहिनी नळाखाली हात धरून काटे काढत होती.

"कधीपासून?" धाकटीने विचारलं.

"हॉली तुम्हीच ठेवलीत ना?"

"ते मग. कधीपासून?"

वहिनीने नळ बंद केला. "पावसाळ्याच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं. चुलीवरून भांडं उचललं त्यांनी, उकळत्या पाण्याचं, फडका न घेता. मी ओरडले, तर माझ्याकडेच बघत राहिले. मग मी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. साखरेमुळे बोटांच्या नसा गेल्यात, असं डॉक्टर म्हणाले. औषध चालू आहे, आणखी वाढू नये म्हणून. गेलेलं परत येणार नाही."

"आणि मला सांगितलं नाही?"

"त्यांनी शपथ घातली."

"मी मुलगी आहे त्यांची!"

"म्हणूनच," वहिनी म्हणाली. "ताई, शिडीचं काय केलंत तुम्ही?"

बाबा निवृत्त झाले त्या वर्षी शिडीवरून एक पायरी घसरले होते. लागलं काहीच नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी धाकटीने ती शिडी भंगारवाल्याला देऊन टाकली होती, त्यांना न विचारता. बाबा त्यानंतर बरेच दिवस अंगणात शिडी टेकलेली असायची त्या रिकाम्या भिंतीकडे बघत बसायचे.

"त्यांना वाटतं, तुम्हाला कळलं तर कात्री जाईल. मग फांद्या जातील. मग ते नुसते खुर्चीत," वहिनी म्हणाली. "तुमच्या शेजारी बसले असते तर तुम्ही पहिल्याच जुडीला ओळखलं असतं. मला आधीचं काही माहीतच नाही, म्हणून माझ्या शेजारी बसले. मी आपली बादल्या लावून देते. बघून उचलता येतं त्यांना."

ऐकून धाकटीचा जळफळाट थांबायला हवा होता. थांबला नाही, वाढलाच. स्टूल गेलं ते एक वेळ परवडलं असतं. पण बाबांनी आपली भीती उचलून दिली, ती हिच्या हातात. त्यासाठीही धाकटीने हात पुढे केला असता. तो त्यांनी टाळला होता. आणि टाळण्याचं कारण शिडीइतकं खरं होतं.

"दुखतंय का?" तिने वहिनीच्या तळहाताकडे बघत विचारलं.

"मग काय गुदगुल्या होतात? फार छान नेम आहे, नणंदबाई, तुमचा."

धाकटीने कपाटातून मलमाची डबी काढून ओट्यावर आदळली आणि निघून गेली. तिच्या परीने ती माफी होती.

दुसऱ्या दिवशी ती दुकानातून हातमोज्यांचे जोड घेऊन आली. करडे, तळव्याला रबर लावलेले, वार्निशच्या कामाचे.

"या वर्षी चीक फार आहे," तिने मागच्या खोलीत जाहीर केलं. "माझ्या हातांना पुरळ उठलंय. दुकानात तांब्याला डाग पडतात. सगळ्यांनी हे घालायचे."

"सगळ्यांनी?" बाबा म्हणाले. "मी नाही घालणार. मला काय झालंय?"

"तुमच्या हाताचा चीक फांदीवर, फांदीवरचा माझ्या हातावर. सगळ्यांनी नाही घातले तर उपयोग काय?"

"तू हातमोजे घालून बांधणार? तू?"

"हो."

बाबांनी तिच्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. वहिनीने पकड खाली ठेवली आणि लगेच एक जोड चढवला. "बरे आहेत की. ऊबदार." मग बाबांनीही कुरकुरत घातले. धाकटीने सगळ्यात शेवटी घातले, आणि कपाटापाशी जाऊन सुटलेल्या मोठ्या रिंगेवर पहिल्यापासून काम सुरू केलं.

तार मुकी झाली होती. रबराच्या आत बोटांना काहीच ऐकू येत नव्हतं. ताण दिला असं वाटायचं आणि जुडी डुगडुगायची. जास्त ओढली तर झिपरीची साल सोलली जायची. बाबांना रोज असंच वाटत असणार, हे तिच्या लक्षात आलं, आणि मग तिला हातमोजे काढताच येईनात. पलीकडे वहिनीची पकड कट्कट् करत आरामात चालली होती. पकडीला हातमोज्याचं काय? पकडीला बोटंच नसतात.

रविवारी बागेतले हेडमाळी हातगाडी घेऊन दारात आले. गल्लीतले लोक आपापली कडी न्यायला जमले होते. धाकटीचे मालकही आले होते. दोन मोठी कडी भिंतीवरच्या खिळ्यांना टांगली होती. वहिनीचं जाड, घट्ट, थोडं ओबडधोबड. एका बाजूला हॉलीची लाल फळं, बाबांनी न बघता दिलेली. धाकटीचं लांबून बरं दिसायचं. जवळ गेलं की कळायचं, की ते एका बाजूने खचलंय, दमलेल्या माणसाच्या खांद्यासारखं.

बाबा हातमोजे घालूनच पुढे झाले. दोन्ही कड्यांसमोर उभे राहिले. धाकटीच्या कड्याखाली हात धरून त्यांनी जरासं हलवलं. एक जुडी निसटून जमिनीवर पडली. कोणीतरी "अरेरे" केलं.

"हे सैल पडलंय," बाबा म्हणाले. "हिचं लक्ष नाही या वर्षी. सूनबाईचं घ्या. काटा न् काटा जागच्या जागी आहे."

"काय हो कॉइलबाई?" मालक हसले. "मोटर परत आली की तुमची!"

सगळे हसले. धाकटीच्या ओठांवर आलं होतं. एक वाक्य. एका वाक्यात सगळ्यांचं हसू बंद झालं असतं. सैल का पडलं, हॉली तिथे कशी आली, तो काटा न् काटा कोणाच्या रक्तातून गेला. वहिनी तिच्याकडे बघत होती आणि तिचा चेहरा पांढरा पडला होता.

धाकटीने वाकून पडलेली जुडी उचलली. "पुरळ उठलंय ना, बाबा," ती म्हणाली. "नाही जमलं."

वहिनीचं कडं हातगाडीवर चढलं. बाबा गाडीबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत गेले, हेडमाळ्याला काहीतरी सांगत, हातवारे करत, करड्या हातमोज्यांनी. वहिनी धाकटीजवळ आली.

"ताई..."

"एक शब्द बोललीस तर पुढच्या वेळी स्टुलावर हॉली ठेवीन," धाकटी म्हणाली आणि आपलं खचलेलं कडं घराच्या दारावर लावायला घेऊन गेली. नाताळभर ते तिथे होतं. दार जरा जोरात लागलं की एक तरी डहाळी गळायची. ती रोज उचलून परत खोचायची, आणि रोज तिला काचघराचं दार आठवायचं. वाट वाकडी करून ती तिकडे एकदाही गेली नाही.

नव्या वर्षात दुकान उघडलं. दुपारच्या सुट्टीत मालक डबा खाऊन परत आले, तर धाकटी खुर्चीत बसलेली. पुढ्यात एक जुनी लोखंडी रिंग, तिच्यावर झाडूच्या काड्यांच्या जुड्या आणि भंगारातली तार. हातात करडे हातमोजे. ती तार ओढत होती, सोडत होती, डोळे मिटून परत ओढत होती.

"कॉइलबाई, पुरळ अजून गेलं नाही?"

"नाही," धाकटी म्हणाली. "जाणारही नाही."

"मग हे काय चाललंय?"

"पुढच्या डिसेंबराची तयारी. त्या पकडवालीचं कडं मी काचघराच्या दारावर परत जाऊ देणार नाही." तिने डावा हात पुढे केला. "बघत काय उभे राहिलात? द्या ती जुडी इकडे."